बाजरीच्या डब्यातली गोल्फची काठी

आमच्या मागच्या व्हरांड्यातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. वर लिहिलंय, ‘गोल्फच्या काठ्या, रविवार’. खाली सगळं क्रमाने: बादलीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब. डोकी पाण्यात, दहा मिनिटं, दांडे बाहेर. जुना टूथब्रश. खाचांत तार घालायची नाही. मुठी ओल्या फडक्याने पुसून सावलीत. शेवटी लोखंडाला तेलाचं बोट.

आमच्या घरात गोल्फ कोणी खेळत नाही. मी नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. हत्यार परत आलं की पुसायचं, तेल लावायचं, नंबर बघून जागेवर ठेवायचं, हे माझं रोजचं काम. आमचे जुने साहेब निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायला आले. लष्करी कॅम्पाच्या बाजूच्या मैदानावर ते गोल्फ खेळतात. एका रविवारी काठ्यांची पिशवी माझ्या दारात टेकवून म्हणाले, “बाई, तुमच्या स्टोअरमध्ये कधी गंजलेला पाना पाहिला नाही मी. एवढ्या जरा बघता का? माझी बोटं सुजतात.” मग स्वतःच हसले. “घासताना सुजतात आणि खेळताना सुजत नाहीत, असं आमच्या घरी म्हणतात.”

मला आवडलं ते काम. प्रत्येक डोक्याच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा असतात, त्यात माती आणि गवत घट्ट बसलेलं असतं. ते निघालं की लोखंड कसं नवं दिसतं. महिन्यातून एक रविवार ठरून गेला.

त्याच सुमारास मामा आमच्याकडे आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते राहुरीजवळच्या वस्तीवर एकटे राहिले. एका सकाळी विहिरीची मोटार सुरू करायला गेले आणि पाटाच्या कडेला घसरून पडले. शेजारच्या रानातल्या माणसाला दिसले तोवर उन्हं चांगली चढली होती. गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी एकटं राहायचं नाही असं बजावलं, शेत राहुरी गावात राहणाऱ्या धाकट्या दिरांनी बघायचं ठरलं आणि आम्ही मामांना इकडे आणलं.

मी त्यांच्यासाठी आतल्या खोलीतल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि त्यावर चिठ्ठी लावली: ‘मामा, कपडे’. त्यात त्यांनी एक टोपीसुद्धा ठेवली नाही. कपडे धुवून वाळले की घडी घालून परत आपल्या पिशवीत. ती पिशवी दाराजवळच्या खिळ्याला, बंद बांधलेली. जेवताना त्यांचं तोंड तिच्याकडे असायचं. दर आठ दिवसांनी विचारायचे, “राहुरीची यष्टी किती वाजता असती गं?”

नवऱ्याला मी म्हणाले, त्यांना दिवसाचा काही क्रम लावून देऊ. सकाळी फिरणं, मग पेपर, मग औषध. तो म्हणाला, “माझा बाप म्हणजे तुझ्या स्टोअरचा माल नाही. चिठ्ठी लावून फळीवर बसायचा नाही तो.”

मला राग आला. कारण ते खरं होतं.

काठ्यांपाशी ते आपणहून आले. एका रविवारी मी टूथब्रशने खाचा घासत होते. मामा दारात उभे राहून बघत होते. शेवटी राहवलं नाही. “दात घासतीस का काय त्याचं? आण हिकडं.” त्यांनी खिशातला चाकू काढला, दोरीवरच्या कपड्यांना टेकू दिलेल्या बांबूची एक चीप काढली आणि तिला असं टोक केलं, की ते खाचेत बरोबर बसावं. एका खाचेतून एकदाच फिरवलं. माती सबंध पट्टीसारखी बाहेर आली.

“हे कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? लोखंडापरीस मऊ, मातीपरीस कडक. येवढं कळलं म्हंजे झालं.”

मी कागदावर ‘टूथब्रश’ खोडून ‘बांबूची काडी (मामा)’ असं लिहिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं. पुढचे दोन महिने यष्टीची वेळ विचारली नाही. पिशवी मात्र खिळ्यालाच.

मग तो बुधवार आला. साहेब सकाळीच, मी कामावर निघताना, एक वेगळी काठी घेऊन आले. तिचं डोकं लाकडी होतं, गडद तपकिरी, नारळाच्या करवंटीसारखं गुळगुळीत. मानेला काळा दोरा गुंडाळलेला, तो सुटून लोंबत होता. “माझ्या थोरल्या भावाची आहे,” साहेब म्हणाले. “तो गेला. मी हिने खेळत नाही, पण ती समोर असावी लागते. डोकं खेळायला लागलंय हिचं. सावकाश बघा, घाई नाही.” माझी बस चुकत होती. मी ती व्हरांड्यात भिंतीला टेकवली, मामांना ओरडून सांगितलं, “साहेबांची आहे, डोकं ढिलं झालंय,” आणि पळाले.

संध्याकाळी आले तर मामा दारातच. इतके महिने मी त्यांचा असा खुललेला चेहरा बघितला नव्हता. “ये, ये. हलवून बघ आता. हालतंय का?”

डोकं अजिबात हलत नव्हतं. मामांनी ती काठी दिवसभर पाण्याच्या बादलीत ठेवली होती.

कुदळीचा, कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं आणि लोखंडाला घट्ट धरतं. राहुरीकडच्या कुठल्याही वस्तीवर हे शेंबड्या पोराला माहीत असतं. त्यांनी माझा कागदही वाचला होता. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, डोकी पाण्यात. लाकडी काठी आजवर आलीच नव्हती, म्हणून लाकडासाठी ओळ मी लिहिलीच नव्हती.

डोक्याचं पॉलिश तव्यावरच्या पापडासारखं फोडांनी भरलं होतं. तळाच्या पितळी पट्टीचे स्क्रू वर आले होते. मानेपाशी केसाएवढी चीर. माझा चेहरा त्यांनी वाचला.

“बिघडलं का?”

“थोडं.”

ते आत गेले. मी पाय धुवून आले तेव्हा खिळा रिकामा होता आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. “सकाळच्या यष्टीनं जातो. हितलं मला उमजत न्हाई. उगं तुमच्या नावाला बट्टा.”

त्या वस्तीवर, त्या पाटाच्या कडेला, एकटेच. नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता. समजूत घालणं मला जमत नाही, मला कामं वाटून देता येतात. म्हणून मी तेच केलं. “मामा, अर्धं काम टाकून जाणार? कुदळ अशी फुगून फुटली तर तुम्ही काय करता?”

ते पिशवीकडेच बघत म्हणाले, “उन्हात न्हाई ठेवायची. चीर वाढती. धान्यात पुरायची. धान्य वल हळूहळू वढून घेतं.”

“किती दिवस?”

“ते लाकूड सांगंल.”

“आधी साहेबांना सांगायला हवं. मी जाते.”

“तू कशाला? चूक माजी, तोंड माजं.” आणि आपली हातातली काठी टेकत, गुडघा ओढत ते गेले. मी मागे, साहेबांची काठी घेऊन. साहेबांनी काठीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, “कुदळ खरंच अशी घट्ट होते?”

“व्हय तर. पर ही कुदळ न्हवं, हे म्या बघायला पायजे हुतं.”

“आणि माझ्या कागदावर पाणी लिहिलेलं होतं,” मी म्हणाले.

साहेब आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, “भांडू नका. न्या आणि काय करायचं ते करा. मोडली तरी मोडकी आणून द्या, पण आणा.”

बाजरीचा मोठा डबा स्वयंपाकघरात असतो. त्यात डोकं पुरलं आणि दांडा सरळ वर. झाकण बसेना, म्हणून जुनं धोतर गुंडाळलं. नवरा रात्री घरी आला आणि म्हणाला, “पेरली का? उगवेल कधी?” मामा पहिल्यांदा हसले. “भाकरीला पालिशचा वास आला तर साहेबाला बोलव जेवाया.” ती बाजरी अर्थात आम्ही नंतर खाल्ली नाही.

लाकूड सांगेल, हे मला पुरेना. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी उपडी ठेवून तिच्यावर ती काठी आडवी तोलायची आणि आकडा लिहायचा, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी ३९१ ग्रॅम. पहिल्या रविवारी ३८४. दुसऱ्या रविवारी ३८०. मामा आधी माझ्या या उद्योगाला नाकं मुरडायचे. दुसऱ्या आठवड्यात मी कामावरून आले की माझ्या पायात चप्पल असतानाच तेच सांगायचे, “आज येक कमी.” तिसऱ्या रविवारी ३७८. त्यानंतर सलग चार दिवस ३७८. पाचव्या दिवशी मामांनी डोक्यावर नखाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, “वाळलं. तुजा काटा बी तेच म्हनतोय का?”

“तेच म्हणतोय.”

स्क्रू बसले. डोकं वाळल्यावर पुन्हा ढिलं झालं होतं, ते मामांनी गोंद घालून पक्कं बसवलं. चिरेत लाकडाचा बारीक भुसा आणि गोंद भरला, फोड घासून काढले आणि तीन दिवस मेण चोळलं. मानेचा दोरा गुंडाळताना मी शेजारी बसले होते. दोऱ्याचं एक टोक लांबट वळवून मानेवर ठेवायचं, त्यावरून घट्ट वेढे घेत जायचं, शेवटचं टोक त्या वळणातून घालायचं आणि खालून ओढलं की ते वेढ्यांखाली गडप. गाठ कुठेच नाही. “चऱ्हाटाचं टोक असंच बांधत्यात,” मामा म्हणाले. “न्हाईतर उसवतं.”

चीर बोटाला लागत नव्हती. उजेडात धरली तर दिसत होती. साहेबांनी ती उजेडात धरली, बघितली आणि म्हणाले, “मामा, माझ्या एका खेळगड्याकडे अशाच दोन पडल्या आहेत. बघाल का?”

“बघंन. पर चाकूनं किती करू? माजी हत्यारं गावाला हायेत.”

सोमवारी ते राहुरीला गेले, पिशवी घेऊन. मला कारखान्यात दिवसभर काही सुचलं नाही. पिशवी त्यांनी रोजच्यासारखी भरलेलीच नेली होती. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, “हितं लई बरं वाटतंय. विहिरीला पानी हाय.” मुक्काम किती, ते मी विचारलं नाही. मंगळवारी फोन लागला नाही.

बुधवारी मी आले तेव्हा व्हरांड्यात लोखंडी पेटी होती. रंधा, दोन पटाशा, कानशी, सगळ्यांना जुन्या तेलाचा वास. मामा कपाटासमोर उभे राहून माझ्या बरण्या एकेक करून खाली ठेवत होते. “ही फळी मला लागंल. दुसरी न्हाई, हीच. हाताशी येती.”

त्यांचे कपडे आतल्या, चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात गेले होते. कसेबसे कोंबलेले. मी ते नीट लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

फळी पुसून दिली. कागद आणि पेन घेऊन विचारलं, “यावर काय लिहू?”

“लिव्हायचं कशाला?” ते पटाशीची धार अंगठ्यावर बघत म्हणाले. “मी हितंच असतो की. काय लागलं तर इचारायचं.”