वाढत्या अंगाचं दप्तर

आमच्या कोथरूडच्या घरात मापाची वस्तू कधी आली नाही. फ्रॉक, बूट, रेनकोट, सगळं वाढत्या अंगाचं. मी वाढण्याच्या बाबतीत जरा कामचुकार होते, त्यामुळे बरेच कपडे माझी वाट बघून बघूनच विरले.

पाचवीत गेल्यावर बाबा मला पाठीवरचं दप्तर घ्यायला गावात घेऊन गेले. दुकानदारानं माझ्या उंचीकडे बघून तीन-चार दप्तरं काढून ठेवली. बाबांनी मात्र वर टांगलेलं, कॉलेजच्या पोरांना शोभेलसं एक उतरवायला लावलं आणि माझ्या पाठीवर चढवलं. ते मांड्यांपर्यंत आलं.

दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "मुलीसाठी दप्तर घेताय, की दप्तरासाठी मुलगी आणलीय?"

"वाढेल ती," बाबा म्हणाले. "दहावीपर्यंत बघायला नको."

"कमरेच्या खाली लोंबता कामा नये. सांगायचं काम आमचं," असं म्हणून त्यानं बिल फाडलं.

घरी त्या दप्तराचे जे लाड सुरू झाले, तसे माझे बारशानंतर कुणी केले नव्हते. पट्टे आवळायचे नाहीत, शिवणीवर ताण येतो. जमिनीवर टेकवायचं नाही, तळ झिजतो. पावसात त्याला प्लॅस्टिकचं आवरण. मी भिजले तरी चालायचं, कारण मी वाळत असे. शाळेतून आले की बाबा आधी दप्तर चारी बाजूंनी निरखत आणि मग मला हातपाय धुवायला सांगत. शिवाय आत जागा होती, आणि रिकामी जागा बाबांना बघवत नसे. "असू दे, लागलं तर," म्हणत त्यांनी शब्दकोशही त्यात बसवला. तो कधी लागला नाही.

मला शाळेच्या खो-खोच्या संघात जायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. मी चपळ होते, खेळाच्या बाईंचंही माझ्याकडे लक्ष होतं. पण दिवाळीपर्यंत पाठ इतकी दुखायला लागली, की खो मिळाल्यावर उठतानाच कळ यायची. "सरळ उभी राहा गं," बाई ओरडायच्या. मी माझ्या मते सरळच उभी असायचे. निवड जवळ आली तशी मी घाबरून बाबांना सांगितलं.

"या वयात कसली पाठ दुखते?" बाबा म्हणाले. "आमचं दुखायचं वय झालं, आम्ही बोलतो का?"

शेवटी आईनंच आम्हाला डॉक्टरांकडे पिटाळलं, दप्तरासकट. डॉक्टरांनी मला ते पाठीला लावून दोन फेऱ्या मारायला लावल्या.

"दप्तर ठणठणीत आहे," ते बाबांना म्हणाले. "छान ठेवलंय तुम्ही. आता मुलीचं बोलू या का?"

त्यांनी पट्टे आवळून पाहिले, जड पुस्तकं पाठीकडच्या बाजूला सरकवली, शब्दकोश काढून टेबलावर ठेवला. तरी दप्तर कमरेखालीच.

"पण दहावीपर्यंत टिकेल ना?" बाबांनी सवयीनं विचारलं.

"कोण?" डॉक्टर म्हणाले.

बाबा एरवी कुणाचं ऐकून घेणारे नव्हते. त्या दिवशी घेतलं. संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदार काहीतरी बोलणार होता, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं सरळ लहान दप्तरं काढून ठेवली. बाबा माझ्यामागे गुडघे टेकून नव्या, लहान दप्तराचे पट्टे स्वतः आवळत होते आणि दर वेळी विचारत होते, "इथं दुखतंय? आणि आता?" असं त्यांनी मला पूर्वी कधी विचारलेलं आठवत नव्हतं. मला रडूच आलं. बाबांना वाटलं पट्टा रुतला, म्हणून त्यांनी तो घाईघाईनं सैल केला.

पाठ दुखायची थांबायला बराच वेळ गेला. संघ त्याआधीच निवडून झाला होता. बाईंना माझी कणव आली असावी, सामन्यांना त्यांनी मलाही बरोबर नेलं. मुली मैदानात उतरल्या आणि मी कडेला बसून त्यांची दप्तरं सांभाळली.