आठ दिवसांसाठी आणलेला कुत्रा

गोव्यातलं पोर्तुगीज राज्य गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक कुत्रा आला. म्हापशाच्या एका डॉक्टरचं कुटुंब लिस्बनला निघालं होतं. कुत्र्याला नेता येईना, म्हणून त्यांनी तो ओळखीच्या एका काजू व्यापाऱ्याच्या गळ्यात घातला. तो व्यापारी म्हणजे वेंगुर्ल्यातले आमचे शेठ. मी त्यांच्या काजूच्या कारखान्यात मुकादम होतो. शेठच्या घरी राखणीचे दोन दांडगे कुत्रे होते, ते या पाहुण्याला फाडायला उठले. तेव्हा शेठनी मला बोलावून, न जमल्यास परत आणायच्या बोलीवर, वेताची टोपली पुढे सरकवली.

“आठ दीस घेवन जा. घराक मानवलो तर ठेव, नाय तर परत हाड.”

टोपलीत पांढऱ्या केसांचा गुंता होता आणि त्यातून काळं नाक तेवढं दिसत होतं. भीक नको पण कुत्रं आवर, हे अगदी ओठांवर आलं होतं. तरी मी टोपली उचलली, कारण त्या दिवसांत कोणी काहीही दिलं असतं तरी मी ते घरी नेलं असतं.

आमची तीन मुलं गेली होती. दोन मुलगे बारशाच्या आगेमागे गेले. तिसरी मुलगी रांगायला लागली होती, उंबरठ्यावर येऊन माझी वाट बघायची, आणि एका तापात तीही गेली. त्यानंतर माझी बायको बोलायची थांबली. काम सगळं करी. पण दुपार झाली की कळशी घेऊन मागच्या विहिरीवर जाई आणि कठड्यावर बसून आत बघत राही. कळशी कोरडीच असे. मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून धावत येई, वळणावरून आधी विहीर बघे आणि मग घर. आईला मी तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं, पण आई तरी किती वेळ जागी राहणार? मला रात्रंदिवस एकच भीती होती, आणि ती कोणाजवळ बोलायचीही सोय नव्हती.

कुत्रा आमच्या घराला मानवण्यासारखा मुळीच नव्हता, हे पहिल्याच दिवशी कळलं. तो दुधात भिजवलेला पाव खाणारा, आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पेज. त्याला हाक कळे ती पोर्तुगीजमध्ये. अंगावर एवढे केस की वैशाखात जीभ लोंबत ठेवून पडून राही, आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन पावलं टाकली की गोचिडी घेऊन येई. बाहेर बांधावा तर डोंगरातून वाघ उतरतो. आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो आणि कुत्रा हा त्याचा आवडता घास. आत घ्यावा तर आईचं सोवळं. सगळ्यावर कडी म्हणजे तो एकटा राहत नसे. माणूस नजरेआड झालं की असा गळा काढी की शेजारपाजारची माणसं कुंपणावर यायची.

“ह्येका पाळण्यात निजवतलंस काय गो?” शेजारीण एकदा हसत हसत म्हणाली. मी तिला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बायको कुत्र्याला उचलून आत गेली.

आईच्याही मनात पाळणाच होता, फक्त तिने ते मला एकट्याला सांगितलं. “पाळणो माळ्यार आसा रे. आज कुत्रो ठेवलंव, म्हणजे तो पाळणो परत खाली येवचो नाय, ह्या आपणच कबूल केल्यासारख्या झाला.” मला तिचा राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं.

मग चौथा की पाचवा दिवस. सुट्टीत मी वळणावर आलो, विहीर बघितली. कठड्यावर कळशी होती, बायको नव्हती. विहिरीपर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. आत वाकून बघितलं तर पाणी स्थिर होतं, माझंच तोंड दिसत होतं. तेवढ्यात पडवीतून आवाज आला. किती महिन्यांनी ऐकलेला आवाज.

“गप रव. हलू नुको. अजून एक रवली.”

ती पडवीत बसून कुत्र्याच्या कानामागच्या गोचिडी काढत होती आणि त्याला दटावत होती. मला बघून म्हणाली, “विहिरीर गेल्लंय. पण ह्यो रडाक लागलो. थांबानाच.” आणि पुन्हा त्याच्या केसांत बघू लागली. मी न्हाणीत जाऊन तोंडात पंचा कोंबून रडलो.

आठव्या दिवशी सकाळी आई नारळ आणि फुलं घेऊन निघाली. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, होडी घ्यायची असो की विहीर खणायची असो, ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बघतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

“देव सांगात तसा करूया,” आई म्हणाली. “उजवो पडलो तर माझा काय म्हणणा नाय.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. निर्णयाचं ओझं माझ्या डोक्यावरून उतरत होतं. एवढ्यात बायको धावत बाहेर आली आणि तिने खळ्यातच आईचे पाय धरले.

“आये, ह्येच्यासाठी देवाक इचारू नकात.”

“कित्याक गो?”

“तीनय वेळा तुमी इचारलात, पोर जगतला काय म्हणान. तीनय वेळा उजवो कौल पडलो. इचारलेला एकय माझ्याकडे रवला नाय. ह्येका रवांदे. ह्यो आमच्याकडे आसा, ह्या देवाक कळाकच नको.”

तिन्ही वेळा आईच कौल लावायला गेली होती, हसत परत आली होती, घरोघर साखर वाटली होती. ती मटकन पायरीवर बसली. नारळ मांडीवर तसाच. कुत्रा आतून ओरडत होता, कारण बायको त्याच्या नजरेआड होती. आई बराच वेळ त्या ओरडण्याकडे कान देऊन बसली. मग फुलं तिने तुळशीत टाकली.

“जा गो, तेका घे आदी,” ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, कोणी ऐकेल अशा भीतीने म्हणाली, “कोणी इचारल्यान तर सांगा, आठ दिसांसाठी हाडलेलो आसा.”

आम्ही तसंच सांगत राहिलो. शेठना मी एकदाच खरं सांगितलं आणि कोणापाशी बोलू नका म्हणून हात जोडले. कुत्र्याला नाव ठेवलं नाही, ‘यू यू’ केलं की तो येई. कोणी बरा आहे का विचारलं तर आई म्हणे, “कसलो बरो! परत धाडूचो आसा.” रात्री मात्र तो तिच्याच गोधडीशी झोपे. पाळणा माळ्यावरून कधी खाली आला नाही. बायको विहिरीवर जाई ती पाण्याला, आणि तो तिच्या मागे.

तो म्हातारा झाला, आंधळा झाला आणि आपल्या मरणाने मेला. माडाखाली मी खड्डा खणत होतो तेव्हा पाळण्यावरून हसलेली ती शेजारीण कुंपणाशी आली आणि खऱ्या कळवळ्याने म्हणाली, “गेलो काय गो? किती वर्सा होतो तुमच्याकडे?”

आई तेव्हा पुरती वाकली होती. तिने बायकोचा हात घट्ट धरला.

“खंयची वर्सा,” ती म्हणाली. “आठ दिसांसाठीच हाडलेलो.”