तुझ्या काकांनी वेळेत परत केलेला सिनेमा

ये गं, अशी जवळ बस. मनानंच बस, कारण पायांनी काही तू येत नाहीस! सख्खी मावशी इथं परदेशात बुइटनव्हेल्डर्टला लेकीकडे, भाची त्याच देशात शिकायला एनस्खेडेला, तरी तोंड दाखवायचं नाव नाही. असो, रागवून झालं. आता तुझ्या काकांची गंमत ऐक.

आम्ही आलो महिन्याभरासाठी आणि करोनामुळं विमानंच बंद झाली. काकांनी काय करावं? बॅग भरून दाराशी ठेवली आणि बाहेरचे कपडे घालून खुर्चीत बसले. "उद्या सुरू झाली विमानं तर?" रोज तेच. पुढंपुढं तेही बोलेनात. पोळी चिवडायची आणि ताट सरकवायचं. मला धास्तीच बसली, हा माणूस त्या खुर्चीत झिजून जातोय की काय.

एका शनिवारी दुपारी जावईबापूंनी टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लावला. अर्ध्यावर नात कंटाळली, म्हणून बंद केला. "असू दे, दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतलाय," ते म्हणाले.

काका ताठ बसले. "भाड्यानं? मग परत कधी करायचा?"

"परत नाही करायचा, बाबा. मुदत संपली की आपोआप जातो."

"आपोआप कसा जाईल? दुसऱ्याची वस्तू आहे!"

कॅसेटच्या काळात हे मुदतीच्या आधी, पुसून, रिवाइंड करून, स्वतः दुकानात नेऊन द्यायचे. झालं! रविवारी सकाळी सगळ्यांना उठवून बसवलं, उरलेला सिनेमा संपवला. मग रिमोटचं बटण दाबून धरलं आणि चित्रं उलटी पळवत पार सुरुवातीला आणली.

"बाबा, हे कशाला?" लेकीला हसू आवरेना.

"पुढच्या माणसानं शेवटापासून बघायचा का?"

जावई गंभीर चेहरा करून म्हणाले, "खरंय. शेजारच्या डच आजी वाटच बघत असतील."

आणि काका हसले! कितीतरी दिवसांनी हसले गं. जेवताना आमटी मागून घेतली. संध्याकाळी बॅगेतले सदरे कपाटात गेले, आणि "पुढच्या शनिवारी मी निवडणार" असं जाहीर झालं.

आता निवडतात, पण काय सांगू! सगळे रडके कौटुंबिक. लेकीला नेमकं तेव्हाच ऑफिसचं काम निघतं, जावई सायकल घेऊन पळतात, मी डुलक्या काढते. मग हे हलवून विचारतात, "झोपलीस? मघाशी काय झालं, सांग बघू!"

करोनामुळं पाहुण्यांवर घातलेली बंदीही आता उठलीय, ती सबब नको. या शनिवारी येच. त्यांच्या शेजारी बसायला एखादं जागं माणूस हवंय.