पाणी कोण तापवतं?

आमच्या दुकानात पहिला प्रश्न गिऱ्हाईक विचारायचं नाही, काका विचारायचे. माणूस खुर्चीत टेकतोय न टेकतोय तोच चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत ते म्हणायचे, "तुमच्याकडे आंघोळीचं पाणी कोण तापवतं?" सोलर हीटरची चौकशी करायला आलेला गृहस्थ गोंधळून जायचा. बहुतेक पुरुषांना उत्तर चटकन देता यायचं नाही. बँकेतले एक साहेब तर म्हणाले होते, "कोण म्हणजे? तापलेलंच असतं." काकांनी ते वाक्य मला जसंच्या तसं वहीत लिहायला लावलं.

डोंबिवलीत त्यांना सगळे ऊनवाले म्हणत. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. गॅससाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि मिळालेला गॅस पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचं पाणी घरोघरी रॉकेलच्या स्टोव्हवर तापायचं. अशा दिवसांत हा माणूस गच्चीवर काच आणि तांब्याच्या नळ्या बसवून उन्हावर पाणी तापवून द्यायचा. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. लोकांचे प्रश्न वहीत उतरवून घ्यायला आणि पत्रांना उत्तरं लिहायला त्यांनी मला ठेवलं. मुलाखतीतही तोच प्रश्न. मी म्हटलं, "आई तापवते." तर म्हणाले, "आणि तुम्ही काय करता तेव्हा?" मी झोपलेली असते हे सांगायला मला लाज वाटली.

लोकांचे प्रश्न ठरलेले असायचे. पावसाळ्यात काय? गच्ची गळेल का? तळमजल्यापर्यंत पाणी गरम पोचेल का? पोरं क्रिकेट खेळतात, काच फुटली तर? सोसायटी परवानगी देईल का? काकांची उत्तरं धंदा बुडवणारी होती. "दोन दिवस आभाळ आलं की गार पाण्यानं आंघोळ. सूर्य काही माझा नोकर नाही." तळमजल्यावाल्यांना सांगायचे की आधी नळीतलं गार पाणी बादलीभर येईल, ते भांड्यांना वापरा. गच्ची बघायला गेले की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून सावली कुठून कुठे सरकते ते खडूनं आखून ठेवायचे. शेजारच्या नारळाची झावळी जरी आड आली तरी सरळ नाही म्हणून खाली उतरायचे. एकदा एका सेक्रेटरींनी नारळ तोडायची तयारी दाखवली, तर त्यांच्यावरच उखडले.

यावर कडी म्हणजे त्यांचा नियम. घरात पाणी जी तापवते, ती बाई स्वतः दुकानात आल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही. यापायी किती गिऱ्हाइकं रागावून गेली त्याची गणती नाही. मी चिडायचे. "काका, पैसे देणारे ते, गच्ची त्यांची, मग बायकोला कशाला बोलवायचं?" ते म्हणायचे, "बाई, काच पुसणार ती, नळ सोडणार ती. बिघडलं तर पहिल्यांदा कळणार तिला. तिला विचारलं नाही तर मी विकलं काय आणि कुणाला?" हा झाला धंद्याचा जबाब. खरं कारण मला पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या मालतीबाईंकडून कळलं होतं.

काका आधी एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी सुमन, तिला कल्याणला दिली होती. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, श्रावणात, सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना स्टोव्हचा भडका उडाला. निदान सासरच्यांनी तसं सांगितलं. चार दिवस दवाखान्यात बेशुद्ध राहून ती गेली. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं आणि कागद मिटले. त्या काळी असे भडके फार उडायचे, आणि नेमके सुनांच्याच अंगावर उडायचे. सासवांच्या अंगावर उडाल्याचं मी तरी ऐकलं नाही. काकांनी नोकरी सोडली आणि हे दुकान काढलं. सुमनचा विषय दुकानात कधीच निघत नसे, आणि मीही काढला नाही.

एका दुपारी काका कुणाच्या तरी गच्चीवर असताना कल्याणहून एक वयस्कर गृहस्थ आले. स्वतःचं घर, वर गच्ची, दिवसभर ऊन. मी काकांच्या वतीनं पहिला प्रश्न विचारला. "सून," ते म्हणाले. "नवीनच आहे." त्यांना दुकानात घेऊन या, असं मी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "ती बाहेर पडत नाही फारशी." मी नाव, पत्ता लिहून घेतला आणि मनातल्या मनात ही ऑर्डर गेल्यात जमा धरली.

संध्याकाळी काकांनी कागदावरचा पत्ता वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हे सुमनचं घर."

 कागद फाडून टाकू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "फाडता कशाला? त्या घरात आता दुसऱ्या कुणाची तरी मुलगी पाणी तापवतेय." नियम मोडून ते स्वतः तिथे जायला निघाले. त्या घरात त्यांनी एकटं पाऊल टाकावं हे मला बघवेना, म्हणून मीही गेले.

दार त्याच गृहस्थांनी उघडलं. काकांना बघून त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही?" काका म्हणाले, "गच्ची कुठल्या बाजूला?" नको म्हणावं तर समोरच्या ओट्यावर शेजारी बसलेले, त्यांना कारण काय सांगणार? ते बाजूला झाले. गच्ची बघून खाली आल्यावर सून पाणी घेऊन आली. मंदा तिचं नाव, वीस-एकवीसची असेल. काकांनी तिला विचारलं, "बाळ, पाणी तूच तापवतेस?" तिनं आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग हो म्हणाली. सासऱ्यांनी घसा खाकरून तोच सगळ्यांचा प्रश्न केला, "पावसाळ्यात काय?"

एरवी या प्रश्नावर काकांचं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ते रिकाम्या पेल्याकडे बघत बसले. शेवटी मीच म्हटलं की आभाळ असेल त्या दिवशी पाणी तापणार नाही. "म्हणजे स्टोव्ह हवाच," सासरे म्हणाले.

परतताना काका स्टेशनच्या बाकावर बसले. दोन गाड्या गेल्या तरी उठेनात. मग आपणहून बोलले. "सुमन आली होती हो माझ्याकडे. आषाढात. मला तिथे भीती वाटते म्हणाली. मी म्हटलं, होतं असं नव्या घरात. एका शब्दानं विचारलं नाही, कसली भीती, कुणाची भीती. दुसऱ्या दिवशी मीच तिला नेऊन पोचवली. वर सासऱ्यांची माफी मागितली, न सांगता आली म्हणून." नंतर म्हणाले, "सगळं डोंबिवली मला प्रश्न विचारतं. मला एक विचारता आला नाही."

हीटर बसला. त्याच्या गॅरंटीच्या कागदावर काकांनी माझ्याकडून एक अट टाइप करून घेतली, जी दुसऱ्या कुठल्याही कागदावर नव्हती: वापरणाऱ्या बाईनं दर महिन्याला स्वतः दुकानात येऊन तपासणी-कार्डावर सही करावी, तसं न केल्यास गॅरंटी रद्द. असली अट कुणी ऐकली होती? पण सासरे कागदाला मानणारे होते. पहिल्यांदा सासू बरोबर आली आणि पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत राहिली. पुढे तिला कंटाळा आला. मग मंदा एकटी येऊ लागली.

यायची, टपरीवरून आणवलेला चहा घ्यायची. काका विचारायचे, "पाणी कसं येतंय?" "छान येतंय." "आणि बाकी?" "बरं आहे." काका कार्डावर 'पाणी ठीक' लिहायचे, ती सही करायची. पण उठायची नाही. अर्धा तास नुसती रस्त्याकडे बघत बसायची. मी एकदा काकांना म्हटलं, नीट खोदून का विचारत नाही तिला? ते म्हणाले, "मी विचारत राहणार, बाई. सांगायचं कधी ते तिनं ठरवायचं. दार उघडं आहे एवढं तिला कळलं पाहिजे."

पुढच्या आषाढात काका गेले. सकाळी दुकानात येताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सुमनसारखं वाट बघायला लावणारं मरण त्यांना आलं नाही, एवढंच बरं म्हणायचं. त्यांच्या पुतण्यानं किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मी तेरा दिवस शटर खाली ठेवलं. एवढा मान तर द्यायलाच हवा, असं मला वाटलं. कल्याणचं कार्ड माझ्या डोक्यातही आलं नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

चौदाव्या दिवशी शटर वर केलं तर आत एक भिजून वाळलेली चिठ्ठी. 'पाणी गार आहे. मंदा.' मालतीबाई म्हणाल्या, "अगं, ती कल्याणची मुलगी दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा तर पावसात उभी होती. मी आत ये म्हटलं, तर नको म्हणाली, ऊनवाल्यांनाच भेटायचंय म्हणाली. काका गेले ते मीच सांगितलं तिला. तशीच परत गेली."

मी कार्ड पिशवीत टाकलं आणि तशीच निघाले. मी शूर वगैरे बाई नाही.  तिथे पोचल्यावर काय दिसेल या भीतीनं मी त्या घराकडे वर बघितलंसुद्धा नाही.

सासरे दारातच म्हणाले, "हीटरची काही तक्रार नाही."

"तक्रारीचं नाही. या महिन्याची सही राहिलीय. आज झाली नाही तर गॅरंटी जाईल."

"मग आणा इकडे कार्ड, करेल ती इथेच."

"दुकानात करावी लागते. अट आहे तशी." मी कागदावरची ओळ दाखवली. काकांनी टाइप करून घेतलेली ती ओळ त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली, आणि आत हाक मारली.

मंदा नेसल्या साडीनं, हातात छत्री घेऊन बाहेर आली. रिक्षात बसल्यावर तिच्या पदराला रॉकेलचा वास आला. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "स्टोव्ह भरताना सांडलं असेल," ती म्हणाली. रिक्षा वळून घर दिसेनासं झाल्यावर म्हणाली, "पण आज स्टोव्ह मी भरला नव्हता."

मी तिला परत जाऊ दिलं नाही. ती आमच्या घरी माझ्या आईजवळ राहिली. सासरे दोनदा येऊन दारात ओरडून गेले, आणि आईनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मंदाचे वडील मुरबाडकडच्या एका गावात शाळामास्तर होते. मी केलेली तार मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी ते थेट दुकानात आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, चेहरा शरमलेला. लेकीकडे न बघता ते मला म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास झाला. होतं असं नव्या घरात. मी आजच नेऊन पोचवतो तिला, त्यांचीही माफी मागतो."

शब्द तेच होते. मंदा काकांच्या टेबलाशी मान खाली घालून उभी होती. मी मास्तरांना काकांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं, जिथे गिऱ्हाईक बसायचं, आणि विचारलं, "तुमच्या मुलीच्या घरी आंघोळीचं पाणी कोण तापवतं?"

ते गोंधळले. "हीच तापवत असेल."

"असेल नको. तिला विचारा."

"काय विचारू?"

"तेच. पाणी कोण तापवतं, स्टोव्ह कोण भरतं, तेव्हा जवळ कोण असतं. मला नका सांगू. तिला विचारा."

 मास्तरांनी खुर्ची ओढून तिच्याकडे फिरवली. "मंदा," ते म्हणाले, "काय झालं गं बाळ?"

तिला सांगून संपवायला तासभर लागला. मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. मास्तरांनी तिला मध्ये एकदाही थांबवलं नाही. ती गप्प झाल्यावर ते उठले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "कल्याणहून मुरबाडची साडेचारची एसटी मिळेल आपल्याला." तिच्याजवळ सामान काहीच नव्हतं. तिची छत्री त्यांनीच उघडली आणि तिच्या डोक्यावर धरून दोघं स्टेशनच्या बाजूला गेले.

हे बघायला काका हवे होते. ते नव्हते याचा मला अजून राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही. दुकान पुढे मीच चालवलं, आणि पहिला प्रश्न आजही मीच विचारते. मंदाचं कार्ड टेबलाच्या खणात आहे. त्यावर महिन्यामागून महिना काकांच्या अक्षरात 'पाणी ठीक, पाणी ठीक' लिहिलेलं आहे. शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे: 'वडिलांनी विचारलं.' त्यासमोर जायच्या आधी मंदानं केलेली सही आहे.