अकरा कॅसेटी आणि चिवड्याचा डबा

सुनेत्रामावशींचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, ज्याच्यावर खटला भरला त्याच्यासाठीच त्यांनी चिवडा केला. त्या चिवड्यापायी आमचे तीन महिने वाया गेले. मी अजून चिडलेली आहे.

मावशी मूळच्या नागपूरच्या. गेली अठ्ठावीस वर्षं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत, आणि त्यातली सहा माझ्या शेजारी. त्यांचे यजमान शशिकांतकाका नोकरीसाठी आधी एकटेच इकडे आले. फोन परवडायचा नाही, म्हणून दर महिन्याला कॅसेटवर बोलून ती नागपूरला पाठवायचे. अशा अकरा कॅसेटी. काका तीन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांचा आवाज तेवढ्यातच उरला. कॅसेटी जुन्या झाल्या, म्हणून मावशींनी त्या कॉम्प्युटरवर उतरवायला विवेककडे दिल्या. हा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं साउंड बघणारा, घराच्या गराजमध्ये स्टुडिओ थाटलेला. दीड वर्ष त्याचं एकच उत्तर: "नेक्स्ट वीकेंडला नक्की, मावशी!"

शेवटी मीच म्हटलं, काउंटीच्या कोर्टात जाऊ. छोट्या दाव्यांना तिथे वकील लागत नाही. वकील नाही म्हणजे सगळं आपलं आपणच निस्तरायचं, हे गेल्यावर कळलं. फॉर्मवर प्रश्न: किती डॉलर मागता?

"मला डॉलर नकोत, कॅसेटी हव्यात," मावशी म्हणाल्या.

कोर्टाच्या खिडकीतल्या कारकूनबाईंना विचारलं, मग इथे काय लिहायचं? त्या गोड हसल्या. कायद्याचा सल्ला आम्हाला देता येत नाही. बरं, हा चौकोन रिकामा सोडला तर? तोही सल्लाच झाला म्हणे! तिसऱ्या खेपेला फॉर्म एकदाचा स्वीकारला आणि एप्रिलची तारीख मिळाली.

एक गोष्ट मात्र त्या बाईंनी न विचारता दोनदा सांगितली. हे कागद विवेकच्या हातात पडायला हवेत, पण दावा करणाऱ्यानं ते स्वतः द्यायचे नाहीत, दुसऱ्या कुणीतरी द्यायचे. मी शनिवारी जाणार होते. मावशी गुरुवारीच जाऊन आल्या.

"अगं, परक्यासारखं दारात पाकीट कसं हातात द्यायचं? घरात त्याची मुलं असतात. मी नीट समजावून सांगितलं, चिवडा दिला, चहा घेतला."

"मावशी, तुम्ही द्यायचं नव्हतं! दोनदा सांगितलं त्यांनी!"

"तू गेली असतीस तर त्याला वाईट वाटलं असतं."

एप्रिलमध्ये विवेक आलाच नाही. जज्जबाईंनी विचारलं, कागद कुणी दिले? "आय वेंट मायसेल्फ," मावशी अभिमानानं म्हणाल्या. पुढची तारीख जुलैची. तीन मिनिटांत आम्ही बाहेर. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, आणि मी ते गाडीत मोठ्यानं म्हणालेही.

जूनमध्ये मी गेले. विवेकनं आत बसवलं, पाणी आणलं, आणि खरं सांगते, माझा हात पर्समधून बाहेर निघेना. दहा मिनिटं मीही मुलांच्या शाळेच्या गप्पा मारत बसले. मग पाकीट त्याच्या हातात कोंबलं आणि पळाले.

जुलैमध्ये तो आला. आमचं नाव पुकारायच्या आधीच त्यानं कॉरिडॉरमधल्या बाकावर पुठ्ठ्याचा खोका ठेवला. कॅसेटी अकराच्या अकरा होत्या. फिती एकमेकींना चिकटलेल्या, वर पांढरी बुरशी.

"सॉरी, मावशी. मे महिन्यात गराजमधला वॉटर हीटर फुटला. खोका खालीच होता. मी करणारच होतो, आय स्वेअर."

मे महिन्यात. एप्रिलची तारीख फुकट गेली नसती, तर कॅसेटी त्याआधीच घरी आल्या असत्या. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनाही ते कळलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात विवेकनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा परत करू नये म्हणून आत साखर. ही रीत बरी लक्षात राहिली त्याच्या!

"मग केस ड्रॉप करूया ना? आपण आपलीच माणसं, मावशी."

मावशींनी डबा हातात घेतला. मला वाटलं, झालं, आता या म्हणणार, जाऊ दे बाळा. पण त्यांनी तो बाकावर ठेवला, त्याच्या बाजूला सरकवला.

"साखर नको मला. मला ह्यांचा आवाज हवा होता," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे, विवेक. मी फार भीड धरली. आता नाही धरणार. आत चल, आणि काय केलंस ते तिथे सांग."

दारातून आमचं नाव पुकारलं. मावशी ओला वास येणारा तो खोका छातीशी धरून उठल्या आणि आमच्या दोघांच्याही पुढे आत गेल्या. डबा बाकावरच राहिला. मीही तो उचलला नाही.