धुराच्या कराची सभा

वाईहून निघताना सामान थोडं आणि काळजी फार होती. ताईचं पत्र आलं होतं: ‘मिनीचा दमा वाढलाय. तिच्या बाबांनी सुचवलेल्या कराची सभा शुक्रवारी आहे. तू ये.’

बंगलोरला उतरून राजाजीनगरची रिक्षा केली. पुढच्या रिक्षाचा निळा धूर थेट तोंडावर येत होता. आमचे रिक्षावाले अण्णाही खोकत होते. दाजी तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत धूर मोजतात. पेट्रोलवर लिटरमागे काही पैसे कर घ्यायचा आणि त्यातून जुन्या रिक्षांची इंजिनं बदलून द्यायची, ही योजना त्यांचीच. मी अण्णांपाशी विषय काढला.

“दहा रुपये लावणार, सार,” ते मोडक्या हिंदीत म्हणाले.

“दहा रुपये नाही हो, काही पैसेच. शिवाय तुम्हाला इंजिन मिळेल.”

“आधी सगळे स्वल्पच (थोडंसंच) म्हणतात, सार.”

मला राग आला.

ताईच्या घरी तिची मुलगी मिनी मांडीवर उशी घेऊन वाकून बसली होती. आठ वर्षांची पोर, पण श्वास घेताना खांदे म्हातारीसारखे उडत होते. ताईनं गरम बिसिबेळे भात (डाळ-भाज्यांचा मसालेभात) वाढला.

सभा मल्लेश्वरमच्या एका शाळेत होती. दाजी मुळात मितभाषी. ते तक्ता उलगडेपर्यंत मागून ‘हत्तु रूपायी’ (दहा रुपये) असा गलका सुरू झाला. तिथल्या आमदारांनी दाजींना बाजूला घेऊन कन्नडमध्ये काहीतरी समजावलं आणि माईकवर जाऊन कर होणार नाही असं जाहीर केलं. टाळ्या थांबेनात.

“काय म्हणाले ते?” मी जिन्यात विचारलं.

“म्हणाले, कर काही पैशांचाच आहे हे मला ठाऊक आहे. पण लोकांच्या मनात दहा रुपये बसलेत, आणि मतं लोक देतात.” दाजींनी तक्त्याची गुंडाळी माझ्या हातात दिली. “आता पुन्हा हा विषय कोणी काढणार नाही.”

सकाळी ताईनं मिनीला माझ्यासोबत वाईला पाठवायला तिची बॅग भरली. त्यात शाळेची पुस्तकंही होती. म्हणजे मिनी चार दिवसांपुरती येत नव्हती.

वाईत आठवड्याभरात मिनीचा श्वास मोकळा झाला. ती घाटावर पळू लागली. मी हे ताईला फोनवर सांगितलं. एवढी चांगली बातमी ऐकल्यावर ताई मिनीला त्या धुरात परत न्यायला येणार नव्हती.