सिग्नलला थांबलेला पंखवीर

विनोद सांगताना ज्याच्या कपाळाला दरदरून घाम फुटतो असा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या घरी जावई म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे सुट्या भागांचे आराखडे काढणारे. माणूस लाखात एक. तंबाखू नाही, बिडीकाडी नाही, आवाज कधी चढवणार नाहीत, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक खोडरबर कायम. पण विनोद! तो केल्यावाचून त्यांना राहवत नसे, आणि त्यांनी तो केला की तोंड कुठे लपवावं ते आम्हाला कळत नसे. बरं, स्वतः कधी हसायचे नाहीत. वह्या तपासणाऱ्या मास्तरांसारखे एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायचे. एखादं तोंड कोरं दिसलं की खिशातली पेन्सिल निघालीच. मग वर्तमानपत्राच्या कडेला तो विनोद काढून दाखवायचे. समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, बाणबिण मारून. "आता आलं लक्षात?" कसलं येतंय!

पहिला प्रसंग त्यांच्या दिवाळसणाला आला. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. फराळाला बसल्या बसल्या दाजींनी चकलीचे आटे आणि स्क्रूचे आटे यांच्यावर काहीतरी विनोद केला. नक्की काय ते देव जाणे. आत कढईत अनारसा तळला जात होता त्याचा आवाज बाहेर ऐकू यायला लागला. दाजींच्या कपाळावर घामाचे थेंब. त्यांची ती नजर माझ्यावरून आईवर, आईवरून ताईवर फिरली आणि अप्पांवर येऊन थांबली. आमच्या अप्पांनी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेली, हसण्याचा सराव असा नव्हताच. पण त्यांनी घसा खाकरला आणि "हा, हा, हा" असं सुटं सुटं तीनदा म्हणाले. दाजींचा जीव भांड्यात पडला. ते हात धुवायला गेल्यावर अप्पांनी आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "हे बघा, जावई आहे. तो बोलला की हसायचं. मान असतो."

झालं! तेव्हापासून घरात हसण्याची पाळी ठरली. सुरुवात मी करायची, मधे आईनं पदर तोंडाला लावायचा, शेवटी अप्पांनी समारोप करायचा. ताई तेवढी ताटाकडे बघत बसायची. मला तर गल्लीत त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की मी घसा खाकरून तयारीला लागायचो. आज लवकर हसलो तर? विनोद संपायच्या आधीच हसलो तर? एकदा तसं झालंही. ते नुसतं "बाहेर ऊन फार आहे" म्हणाले आणि मी खो खो हसलो. दाजींनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "हो, हे पण आहे म्हणा."

सात-आठ वर्षं आम्ही असे हसलो. आपण या माणसाला कुठे नेऊन ठेवतोय, याची कुणाला कल्पना नव्हती. एका उन्हाळ्यात दाजी बगलेत गठ्ठा मारून आले. त्यांनी स्वतः काढलेलं, छापून आणलेलं कॉमिक! नायक पंखवीर. पांडवलेणीच्या डोंगरात राहतो, पोलादी पंख लावून गंगापूर धरणावरून झेप घेतो, आणि नाशिक गिळायला निघालेल्या धुरासुराशी लढतो. चित्रं अशी, की खोटं कशाला सांगू, माझे डोळे दिपले. पंखांचा एकेक रिवेट मोजून घ्यावा. पण पंखवीराच्या अंगात दाजी शिरलेले! ठोसा मारायच्या आधी हा बाबा थांबून विनोद करणार. दाजींचा सगळ्यात लाडका विनोद सतराव्या पानावर होता. धुरासुरानं माणसांनी भरलेली बस पुलावरून गोदावरीवर लटकवलीये, आत रडारड, आणि पंखवीर उशिरा येऊन हात जोडून म्हणतो, "माफ करा मंडळी, द्वारका चौकात सिग्नल लागला होता."

आम्ही हसलो. पाळीप्रमाणे. अप्पांनी तर मांडीवर थापसुद्धा मारली. आणि मग दाजींनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. राजीनामा! "शनिवारी पुस्तक प्रदर्शनात आपलं टेबल आहे. लोक तुमच्यासारखे हसले, की सोमवारी देऊन टाकतो. आता पूर्णवेळ हेच."

ताईनं मला मोरीपाशी गाठलं. "हसा अजून! पदरात दोन पोरं आहेत माझ्या. तू जा शनिवारी त्यांच्याबरोबर. आणि मेल्या, हसलास तर याद राख."

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. चित्रं बघून पोरांची झुंबड उडाली. "काय भारी उडतोय रे!" असं चाललेलं. पण बोलण्याचे फुगे आले की पोरं पान उलटायची. दाजी टेबलामागे उभे. कोण कितव्या पानावर आहे हे त्यांना समोरून, उलटंसुद्धा कळत होतं. सतरावं पान जवळ आलं की त्यांचा श्वास थांबायचा, आणि माझाही. पान उलटलं जायचं. एकाचाही दात दिसेना. शेवटी दोन वेण्यांची एक चिमुरडी त्या पानावर थांबली. दाजी पुढे झुकले.

"काका, हा उडतो ना? मग सिग्नलला कशाला थांबला?"

"अगं, तोच तर विनोद आहे."

"कुठंय?"

पेन्सिल निघाली. समोरून, वरून, बाण. मुलीनं ते सगळं मन लावून बघितलं. "मग वरून जायचं ना," असं म्हणाली आणि अंक होता तसा ठेवून निघून गेली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हसू अगदी घशापर्यंत आलं होतं. हसलो असतो तर त्यांचा चेहरा सावरला असता. पण मग सोमवार होता, ताई होती, दोन पोरं होती. मी हसू गिळलं आणि मला ठसका लागला. दाजी बराच वेळ माझ्या खोकण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

येताना गोदावरीच्या पुलाशी त्यांनी स्कूटर बंद केली. "दिवाळसणापासून?" एवढंच विचारलं.

मी खरं ते सांगून टाकलं. "अप्पा म्हणाले होते, जावयाचा मान असतो."

"आईपण?"

"आईपण."

"चकल्या मात्र छान झाल्या होत्या हो तेव्हा," ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली. सोमवारी नेहमीच्या बसनं कामावर गेले. राजीनामा ताईला धुण्यात सापडला, पार लगदा झालेला.

नोकरी वाचली, आम्ही सुटलो. पण दाजी विनोद करायचे थांबले. येणार, जेवणार, हवापाण्याचं बोलणार. घर इतकं शांत, की मला ती जुनी हसण्याची पाळी बरी वाटायला लागली. पुढच्या दिवाळीत अप्पांनाच राहवलं नाही. "जावईबापू, ते सिग्नलचं सांगा ना."

दाजी इतकं गोड हसले. "नको अप्पा. सांगितला तर तुम्ही हसाल."

अप्पांनी त्यांच्या ताटात एक करंजी वाढली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी अप्पांना छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी मला फोन आला, ताबडतोब या. निघालो तो द्वारकेला अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, सिग्नल काही सुटेना. मनात नाही नाही ते येत होतं. तेवढ्यात डोक्यावरून ओझरचं विमान कानठळ्या बसवत गेलं, सरळ, कुणासाठी न थांबता. आणि माझ्या डोळ्यांपुढे हात जोडून उभा राहिलेला पंखवीर आला. मी हसलो. असा हसलो की शेजारचा रिक्षावाला घाबरून विचारायला लागला, "काय झालं भाऊ?" डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना.

पोचलो तर अप्पा उठून बसले होते. डॉक्टरांना नुसती सही हवी होती. मी बाहेर येऊन दाजींना मोबाईल लावला. "दाजी, आज द्वारकेला अडकलो होतो. तुमच्या विनोदाला हसलो. खरंच हसलो, आईशप्पथ!"

"बरं, बरं," दाजी हळूच म्हणाले. "मान राखलास. अप्पांनी काही खाल्लं का?"